एक बटन, एक डायनासोर आणि गेलेलं नेट

आजच्या भागात इतिहास आहे, पण गडकिल्ल्यांचा नाही. नेट गेलं की क्रोममध्ये जो डायनासोर दिसतो ना, त्याचा.

जरा मागे जाऊ. 1985 चा सुपर मारिओ ब्रदर्स खेळायला दिशेची कळ आणि वर दोन बटनं लागायची. 2009 मध्ये अ‍ॅडम सॉल्ट्समन या अमेरिकन डेव्हलपरने कॅनाबाल्ट बनवला, अवघ्या पाच दिवसांत. त्यात माणूस इमारतींच्या गच्च्यांवरून आपोआप पळतो, आपण फक्त उडी मारायची. बटन एकच. पण वेग वाढतच जातो, आणि वाटेतल्या खोक्याला धडकलं तर कमी होतो. म्हणजे कुठलं खोकं चुकवायचं आणि कुठल्याला मुद्दाम धडकायचं, हे खरं कोडं! 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हा गेम आपल्या संग्रहात घेतला.

2013 मध्ये व्हिएतनामच्या डाँग न्गुयेनचा फ्लॅपी बर्ड आला. तोही एका टॅपचा. जगभर गाजला आणि फेब्रुवारी 2014 मध्ये त्याने स्वतःच तो काढून टाकला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपला डायनासोर आला. कल्पना साधी: नेट नाही म्हणजे आपण थेट आदिम काळात! सुरुवातीला जुन्या अँड्रॉइड फोनवर तो नीट पळेना, म्हणून डिसेंबरपर्यंत दुरुस्त केला गेला.

त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. मी तो वाचलाय. वेग 6 पासून सुरू होतो आणि हळूहळू वाढत 13 वर थांबतो. वेग वाढला की दोन निवडुंगांमधलं अंतरही वाढवलं जातं, म्हणजे उडीला जागा राहते. बटन पटकन सोडलं तर उडी छोटी, दाबून धरलं तर मोठी. थोडक्यात काय, एकाच बटनात 'कधी' आणि 'किती' असे दोन प्रश्न बसवलेत.

आता मुद्द्याचं. 2018 मध्ये गूगलने सांगितलं, की हा गेम महिन्याला 27 कोटी वेळा खेळला जातो, आणि खेळणारे जास्त करून अशा देशांतले, जिथे डेटा महाग किंवा बेभरवशाचा आहे. त्या यादीत पहिलं नाव होतं भारताचं.

मी तेलगावचा, बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. ऑक्टोबर 2023 च्या शेवटी आरक्षण आंदोलनाच्या वेळी तर जिल्ह्यात इंटरनेटच बंद केलं होतं. फोनपे बंद, माझं वर्क फ्रॉम होम बंद. डायनासोर मात्र चालू, कारण त्याला लागणारं सगळं आधीच फोनमध्ये असतं.

इंजिनिअर म्हणून मला हेच टोचतं. गंमत म्हणून बनवलेला गेम नेटशिवाय चालतो, आणि पीक विम्याचा फॉर्म भरताना शेवटच्या पानावर रेंज गेली, की पुन्हा पहिल्यापासून! भरलेली माहिती फोनमध्ये साठवून ठेवायची आणि रेंज आली की पाठवायची, हे तंत्र काही नवीन नाही. 'नेट जाणारच' असं धरून बनवायला हवं, एवढंच.

तुमच्यापैकी कुणी कोडिंग शिकत असेल, तर पहिलं अ‍ॅप एअरप्लेन मोडवर तपासा. भेटू पुढच्या भागात.