पहिलं पिस्तूल

गेल्या दिवाळीत बोनस जमा झाला, त्याच रात्री मी एक एक्सेल शीट उघडली. सहा पिस्तुलं, सगळी पॉइंट टू-टू. पुढे रकाने: वजन, नळीची लांबी, चापाचा भार, मूठ बदलता येते का, किंमत. प्रत्येक रकान्याला वेटेज दिलं आणि शेवटी एकूण गुण. ऑफिसात आम्ही डेटाबेस निवडतो तसंच. वर्षभर रेंजवरच्या एअर पिस्तुलाने नेम धरला होता, तीन महिन्यांपासून सर क्लबचं पॉइंट टू-टू हातात देत होते, आणि माझे गुण एका आकड्यावर अडकून बसले होते. गोळ्या डावीकडे खाली जात होत्या. दोष क्लबच्या जुन्या पिस्तुलाचा, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

रविवारी सरांना शीट दाखवली. "सर, पहिलं कोणतं घेऊ?"

त्यांनी फोनवर अंगठा वरखाली फिरवला, फोन परत दिला आणि कानाला मफ लावायला सांगितलं. पाठमोरं होऊन मॅगझिन स्वतः भरलं. मी दोन गोळ्या मारल्या. तिसऱ्यांदा चाप ओढला तर नुसतं टक्. मध्ये एक खोटं काडतूस होतं. गोळी सुटलीच नाही, तरी नळीने खाली अशी डुबकी मारली की शेजारच्या लेनवरच्या शाळकरी मुलानेही पाहिली.

"गोळी नव्हती, मग दचकलीस कशाला?" सर म्हणाले.

घरी येऊन शीट मिटली आणि वाचत बसले. 'पहिलं पिस्तूल कोणतं?' हा प्रश्न माझ्याआधी कोणाकोणाला पडला असेल, नवशिक्यासाठी वेगळं पिस्तूल असावं हे कधी सुचलं असेल, हे शोधता शोधता पुढचे कित्येक शनिवार गेले.

सुरुवात पॅरिसमध्ये होते, १८४५ साली. लहानपणी दिवाळीत आपण टिकल्या फोडायचो ना, तशीच टिकली तेव्हाच्या खऱ्या बंदुकांनाही लागायची: टिकलीने ठिणगी द्यायची आणि नळीतली दारू पेटायची. लुई-निकोला फ्लोबेर या बंदूक बनवणाऱ्याने दारूच काढून टाकली. टिकलीच्या तोंडावर शिशाची बारीक गोळी बसवली आणि टिकलीच्या जोरावरच ती उडवली. आवाज कमी, झटका जवळपास नाही. पॅरिसमधले सुखवस्तू लोक दिवाणखान्यात, पाहुण्यांसमोर, भिंतीवरच्या लक्ष्यावर नेम धरू लागले. अशा पिस्तुलांना 'सलाँ' म्हणजे दिवाणखान्याची पिस्तुलं हेच नाव पडलं. युद्ध नाही, शिकार नाही, नुसता नेम.

पुढे १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि वेसन या जोडीने त्या टिकलीची लांबी वाढवून आत चिमूटभर काळी दारू भरली आणि सात गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीव्हन्स कंपनीने त्याच जातीचं आणखी लांब काडतूस आणलं, पॉइंट टू-टू लाँग रायफल. नावात रायफल असली तरी आज पिस्तुलांतही तेच जातं. गोळीचं वजन ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम. आपल्या रुपयाच्या नाण्याहून हलकी. रविवारी माझ्या मॅगझिनमध्ये होतं ते हेच काडतूस, दारू आणि शिसं सुधारलेलं, पण मापाने तेच.

एवढं जुनं डिझाइन टिकलं याचं कारण त्याच्या बुडाशी आहे. मोठ्या काडतुसात टिकली बुडाच्या मधोमध वेगळी बसवलेली असते. यात ती नसतेच. पितळी वाटीची कड दुमडलेली असते आणि स्फोटक मसाला त्या दुमडीत गोलाकार पसरवलेला असतो. पिनने कडेवर कुठेही ठोका दिला की काम झालं. पण कड चेपली जायची तर पत्रा पातळ हवा, आणि पातळ पत्रा फार दाब सोसत नाही. म्हणून हे काडतूस लहानच राहिलं. लहान राहिलं म्हणून स्वस्त राहिलं, आणि एका दुपारी शंभर गोळ्या मारूनही मनगट शाबूत राहिलं. मोठ्या बोअरच्या पिस्तुलावर शिकणाऱ्याचं शरीर पहिल्या दहा गोळ्यांतच झटक्याची वाट पाहायला शिकतं. तो यायच्या आधीच हात आवळतो, नळी खाली जाते. टू-टूवर ही खोड लागत नाही असं पुस्तकं सांगतात. माझ्यावर विश्वास ठेवा, लागते; फक्त लपत नाही.

काडतूस स्वस्त झालं तरी पिस्तूल स्वस्त नव्हतं. १९१५ मध्ये कोल्ट कंपनीने जॉन ब्राउनिंगने आखलेलं टू-टूचं ऑटोमॅटिक बाजारात आणलं. १९२७ पासून ते 'वुड्समन' या नावाने ओळखलं गेलं. सडपातळ, देखणं, पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेलं. आणि कोरून काढण्याची मजुरी किमतीत दिसायची.

इथे बिल रूगर येतो, आणि कबूल करते, या माणसावर मी गरजेपेक्षा जास्त वेळ घालवला. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कनेटिकटमधल्या साउथपोर्ट गावात त्याचा सुतारी हत्यारांचा कारखाना होता आणि तो बुडत होता. युद्धावरून परतलेल्या एका मरीन सैनिकाकडून त्याला जपानी 'बेबी नाम्बू' पिस्तूल मिळालं. गॅरेजमध्ये त्याने त्याच्या दोन नकला करून पाहिल्या. नक्कल विकली नाही, पण रचना डोक्यात बसली: गोल नळकांडं, आत मागेपुढे सरकणारा बोल्ट, तिरकी मूठ. अलेक्झांडर स्टर्म नावाच्या चित्रकार-लेखक मित्राने ५०,००० डॉलर घातले, कंपनीच्या चिन्हातला गरुडही त्यानेच काढला, आणि १९४९ मध्ये 'रूगर स्टँडर्ड' आलं. किंमत ३७.५० डॉलर.

स्वस्ताईचं इंजिनिअरिंग वाचताना मला आमची कोड रिव्ह्यू मीटिंग आठवत होती. पोलादाचा ठोकळा कोरायच्या ऐवजी त्याने पत्र्याचे दोन अर्धे भाग साच्यात दाबून काढले आणि मधोमध वेल्डिंग केलं. जिथे नेमावर परिणाम होतो, त्या नळीत आणि बोल्टमध्ये मात्र काटकसर नाही. कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे नाही, हे इतकं स्वच्छ कळलेला माणूस मी माझ्या कंपनीत अजून पाहिलेला नाही. वुड्समन १९७७ मध्ये बंद झालं. रूगरचा वंश आजही चालू आहे.

स्टर्मने यातलं फारसं पाहिलं नाही. १९५१ मध्ये तो गेला. तिशीही गाठली नव्हती. तोवर लाल असलेला गरुड पुढे काळा करण्यात आला.

या पिस्तुलात एक प्रसिद्ध दोष होता. उघडून साफ केलं की परत जोडताना माणूस रडकुंडीला यायचा. पिस्तूल नेमक्या कोनात धरा, हॅमर नेमक्या जागी पाडा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. मार्क टू आलं, मार्क थ्री आलं, तक्रार तीच. अखेर २०१६ च्या मार्क फोरमध्ये एक बटण दाबून उघडण्याची सोय झाली. ६७ वर्षं उघडा राहिलेला बग! तरी लोक घेत राहिले, कारण नवशिक्याला परवडेल असं पिस्तूल ही त्याआधी दुर्मीळ गोष्ट होती. माझ्या शीटमध्ये 'किंमत' या रकान्याला सगळ्यात कमी वेटेज होतं. बोनस ताजा होता.

सगळ्यात जास्त वेटेज होतं मुठीला. त्या रकान्याच्या नादाने मी मॉस्कोला पोचले.

मिखाईल मार्गोलिन रशियन यादवी युद्धानंतरच्या चकमकींत, १९२४ मध्ये, डोक्याला गोळी लागून आंधळा झाला. वय अठरा. त्यानंतर तो शस्त्रांचा डिझायनर झाला. क्रम उलटा वाचला तर नवल वाटणार नाही, पण क्रम हाच आहे. नकाशा त्याला दिसत नव्हता. तो मॉडेल हातांनी चाचपायचा, सुटे भाग बोटांनी ओळखायचा आणि काय बदलायचं ते सहकाऱ्यांना सांगायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचं टू-टूचं टार्गेट पिस्तूल सोव्हिएत नेमबाजांच्या हातात आलं आणि पूर्व युरोपातल्या क्लबांत पसरलं. कितीतरी जण त्याच्यावरच शिकले. तुम्ही 'स्टार वॉर्स' पाहिला असेल तर तुम्हीही ते पाहिलंय: १९७७ च्या सिनेमात राजकन्या लेयाच्या हातातलं ब्लास्टर मार्गोलिनच्या पिस्तुलावरच बेतलेलं होतं.

त्या पिस्तुलातली एक गोष्ट मला फार आवडते. अनेक ऑटोमॅटिक पिस्तुलांत मागची साइट स्लाइडवर असते, म्हणजे प्रत्येक गोळीला ती मागे जाते आणि परत येते. मार्गोलिनने ती स्लाइडवरून कमान टाकल्यासारख्या पट्टीवर बसवली. स्लाइड कमानीखालून ये-जा करते, साइट जागची हलत नाही. ज्या माणसाला स्वतःला कधी त्या साइटमधून पाहता येणार नव्हतं, त्याने पाहणाऱ्याच्या डोळ्यासमोरची हालचाल काढून टाकली.

मी शीट पुन्हा उघडली आणि 'मूठ'च्या रकान्याकडे पाहत बसले. सहापैकी एकही पिस्तूल मी हातात धरून पाहिलेलं नव्हतं. गुण दिले होते फोटो बघून.

आणि मग कारोय ताकाच. नेमबाजांच्या जगात ही गोष्ट नको तितकी सांगितली जाते, पण बहुतेकदा जिद्दीची गोष्ट म्हणून. मला ती नवशिक्याची गोष्ट वाटते. हंगेरीच्या सैन्यातला हा सार्जंट देशातल्या उत्तम पिस्तूल नेमबाजांपैकी एक होता. १९३६ च्या ऑलिम्पिक संघात त्याला जागा मिळाली नाही, कारण जागा फक्त कमिशन्ड अधिकाऱ्यांना. १९३८ मध्ये सरावात सदोष हातबॉम्ब उजव्या हातातच फुटला. नेम धरायचा तो हात. महिनाभर हॉस्पिटलमध्ये काढून तो बाहेर आला आणि कोणाला न सांगता डाव्या हाताने सराव करू लागला. १९३९ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि जिंकला. युद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिक झालीच नाहीत. १९४८ मध्ये लंडनला, ३८ व्या वर्षी, २५ मीटर रॅपिड फायरमध्ये त्याने ६०० पैकी ५८० गुणांचा विश्वविक्रम करून सुवर्ण घेतलं. १९५२ मध्ये हेलसिंकीला पुन्हा.

मी अडकते ती १९३८ च्या त्या महिन्यांत. डोक्याला सगळं येतंय आणि हाताला काहीच येत नाहीये. साइट कशी दिसायला हवी, चाप कसा सुटायला हवा, सगळं पाठ. आणि डावा हात माझ्यासारखाच डुबकी मारतोय. तो एकांतात का शिकला हे मला कळतं. माझी डुबकी शाळकरी मुलाने पाहिली होती.

इथवर आल्यावर मी शेवटी तो प्रश्न विचारला जो शीटमध्ये पहिला हवा होता: आपल्याकडे हे कोणाला घेता येतं? १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात आलेल्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली. युरोपियनांना सूट होती. राष्ट्रीय सभेच्या तक्रारींत हा कायदा वर्षानुवर्षं होता, आणि १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही आहे. शाळेत हा ठराव दोन मार्कांसाठी पाठ केला होता. हे कलम आठवत नाही. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. वंशाचा भेद गेला, परवाना राहिला. टू-टूचं पिस्तूल अग्निशस्त्र आहे, त्याला परवाना, पोलीस पडताळणी, घरात कुलूपबंद जागा हे सगळं लागतं. आणि लागावं, असं माझंही मत आहे. आईला मी अजून काहीच सांगितलेलं नाही, यातच काय ते आलं.

त्यामुळे आपल्याकडचं पहिलं पिस्तूल एअर पिस्तूल असतं. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, ठरावीक शक्तीच्या आत असेल तर परवाना नको. १० मीटरवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. झटका नाही, आवाज नाही. फ्लोबेरचा दिवाणखानाच म्हणा. १९८८ मध्ये सोलला ते ऑलिम्पिकमध्येही आलं. त्यातून पुढे २५ मीटरच्या टू-टूकडे जाणारी वाट आहे: कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण घेतलं, आणि आशियाई सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली.

गेल्या रविवारी सरांना म्हटलं, तूर्त क्लबचंच चालेल. ते "बरं" म्हणाले आणि पाठमोरे होऊन मॅगझिन भरू लागले. पाच मॅगझिन, प्रत्येकात एक खोटं काडतूस, कितवं ते मला ठाऊक नाही. तीन वेळा नळी स्थिर राहिली. दोन वेळा हलली. शेजारचा मुलगा या वेळी आपल्याच कागदाकडे बघत होता, किंवा तसं दाखवत होता.

शीट अजून आहे. सहा पिस्तुलांच्या रांगा खाली ढकलल्यात, वर तीनच रकाने ठेवलेत: तारीख, कितवं काडतूस, हलली की नाही.