तापल्यावाचून सुटणारे विद्युत्कण

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले, तेव्हा बालाघाट जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच मोडत असे. वीज न पोहोचलेल्या गावी रेडिओ चाले तो कोरड्या बॅटरीवर. त्या बॅटरीच्या पोटात, ज्या मॅंगनीजसाठी बालाघाट प्रसिद्ध आहे त्याचेच एक काळे संयुग असे व मधोमध कार्बनची कांडी. परंतु रेडिओच्या काचेच्या व्हॉल्वमधील तार तापल्याखेरीज तीतून इलेक्ट्रॉन सुटत नसत, आणि बॅटरीची बरीच शक्ती या तापविण्यातच खर्ची पडे. मग न तापविता इलेक्ट्रॉन काढता येणार नाहीत काय?

हा प्रश्न जुनाच होय. निर्वात नळीतील थंड धातूतूनही विद्युत्प्रवाह निघतो, हे अमेरिकेतील रॉबर्ट वुड यांना १८९७ साली आढळले. त्याची उपपत्ती फाउलर व नॉर्डहाइम यांनी १९२८ साली मांडली. धातूचा पृष्ठभाग इलेक्ट्रॉनांना बांधासारखा अडवून धरतो. उष्णतेने ते बांधावरून उडी घेतात. प्रबळ विद्युत्क्षेत्रात मात्र बांधच इतका पातळ होतो की, ते त्यातून आरपार निघून जातात. असे क्षेत्र एकवटते ते टोकावर. म्हणून टोक जितके सूक्ष्म, तितके काम सोपे.

असे टोक अखेरीस कार्बननेच पुरविले. रशियातील रादुश्केविच व लुक्यानोविच यांनी १९५२ साली कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. परंतु रशियन भाषेतील तो लेख बाहेर फारसा कोणी वाचला नाही. १९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या लेखाने जगाचे लक्ष या नळ्यांकडे वेधले. त्यांची जाडी केसाच्या सुमारे दहा हजारांश. १९९५ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे अशा नळ्यांच्या थरातून इलेक्ट्रॉनांचा झोत काढण्यात आला. आपल्याकडेही पुणे विद्यापीठात डॉ. दिलीप जोग व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरच्या शास्त्रज्ञांसह बोरॉन व नायट्रोजन मिसळलेल्या नळ्यांचे उत्सर्जन अभ्यासले; तो निबंध २००६ सालचा.

पुढची अडचण लवचिकपणाची होती. या नळ्या बहुधा शेकडो अंश उष्णतेत वाढवाव्या लागतात, आणि त्या उष्णतेत प्लास्टिक वा रबर टिकत नाही. मूळचे केरळचे पुलिकल अजयन यांच्या अमेरिकेतील गटाने २००६ सालीच त्यावर साधा तोडगा दाखविला. नळ्या आधी कठीण तबकडीवर वाढवावयाच्या, त्यांवर पातळ सिलिकोन रबर ओतावयाचे आणि ते घट्ट झाले की नळ्यांसकट सोलून घ्यावयाचे. शेतातील रोप जसे मातीच्या गड्ड्यासह उचलावे तसे! वाकविता येणारा उत्सर्जक अशा रीतीने सिद्ध झाला.

तरीही तो घरोघरी पोहोचला नाही. इलेक्ट्रॉनांच्या झोतास निर्वात जागा लागते. वाकणाऱ्या आवरणात ती टिकविणे कठीण. सर्व नळ्यांतून सारखा प्रवाह निघेल असेही नसते. चित्रपटलांच्या स्पर्धेत द्रवस्फटिकांनी बाजी मारली. मात्र क्ष-किरणांच्या काही सुटसुटीत यंत्रांत, आणि तीही न वाकणारी, कार्बनच्या या थंड टोकांना आज काम मिळाले आहे.

बॅटरीत मुकाट्याने वीज वाहणारा कार्बन स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागला, यात चमत्कार नाही. १८९७ चे निरीक्षण, १९२८ चे गणित आणि १९५२ चे दुर्लक्षित छायाचित्र यांची गाठ पडावयास एक शतक लागले, इतकेच. दुसऱ्या भाषेतील लेख वेळीच वाचला गेला असता, तर कदाचित ही वाट थोडी आखूड झाली असती.