लिस्बन पायी पाहताना : गेंडा, भूकंप आणि एक मराठी कैदी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जे "म्हणजे", "बघा", "हां तर" निघतं त्यातलं थोडं तसंच ठेवलंय.

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा, की युरोपातलं एकच शहर बघायचं तर कुठलं? लोकांना पॅरिस किंवा रोम असं काहीतरी उत्तर अपेक्षित असतं. माझं उत्तर लिस्बन. पहिल्यांदा गेलो तेव्हा मुक्कामाच्या घराच्या मालकीणबाईंनी हातात किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, "शाव." मी मनात म्हटलं, बाई, ही तर आमची चावी! सकाळी बेकरीत पाव, न्हाणीघरात साबण, भाजीवाल्याकडे कोबी आणि बटाटा. उच्चार निराळे, शब्द आपलेच. खरं तर त्यांचेच, आपण ठेवून घेतले. पगार, लिलाव, घमेलं, फीत, नाताळ, हेही तिथलेच. आणि हो, तुरुंगसुद्धा. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता फिरायचं कसं? बहुतेक सगळे जण अठ्ठावीस नंबरच्या पिवळ्या ट्रॅमच्या रांगेत उभे राहतात. माझं ऐकाल तर ती रांग सोडा आणि पहिल्या सकाळी बेलेंला जा. तिथे नदीत उभा असलेला बुरूज सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. सगळे त्याचे फोटो काढतात, पण एका कोपऱ्यातल्या टेहळणीच्या घुमटीखाली दगडात कोरलेलं एक डोकं फारसं कोणी बघत नाही. उन्हापावसाने झिजलंय, पण ते गेंड्याचं आहे.

त्या गेंड्याची गोष्ट अशी. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याने तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट म्हणून दिला. आल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजावर चढवून राजाकडे धाडला. २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिला नव्हता. तिथल्या लोकांनी त्याला नाव काय दिलं? "गांडा". आपलाच गेंडा! राजा मानुएलने हत्ती आणि गेंडा हे जन्मजात वैरी आहेत का हे बघायला दोघांना समोरासमोर आणलं, तर हत्ती पळून गेला. मग राजाने गेंडा पोपला भेट म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळदंडात बांधलेला प्राणी, पोहणार कसा? न्यूरेंबर्गमध्ये बसून ड्यूररने त्याचं जगप्रसिद्ध चित्र काढलं ते न बघताच, कोणीतरी पाठवलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून.

जवळच जेरोनिमुश मठ आहे, आणि त्यात वास्को द गामाची कबर. कबर देखणी आहे. मी तिथे फार वेळ थांबत नाही, एवढंच सांगतो. मठाचा बराचसा खर्च पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवरच्या करातून झाला. त्या खांबांची कोरीव वेलबुट्टी बघताना मिरीचा वास आल्यासारखा वाटतो.

दुपारी शहरात परत या आणि नदीकाठच्या मोठ्या चौकात उभे राहा. अधिकृत नाव "व्यापार चौक", पण जुनी माणसं अजून "तेरेइरु दु पासु" म्हणतात, म्हणजे राजवाड्याचं पटांगण. राजवाडा कुठे आहे? नाही. इथूनच लिस्बनची खरी गोष्ट सुरू होते.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या पुढे लोक चर्चमध्ये, वेदीवर मेणबत्त्या लावलेल्या. जमीन काही मिनिटं हलत राहिली. वाचलेले लोक मोकळी जागा म्हणून नदीकडे धावले, आणि थोड्या वेळाने नदीतून समुद्र आत आला. उरलेल्या शहरात मेणबत्त्यांनी आणि चुलींनी आग लावली, ती कित्येक दिवस जळत होती. मेलेल्यांच्या आकड्यावर आजही एकमत नाही, पण कमीत कमी अंदाजही हजारोंचाच आहे. नदीकाठचा राजवाडा गेला, सत्तर हजार पुस्तकांचं ग्रंथालय गेलं, आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार बघणाऱ्या "काझा दा इंडिया"चे कागद गेले. बघा, चौल, वसई, दमण, गोवा इथून निघालेल्या जहाजांचे हिशेब, त्यांवर कोण चढलं, काय भरलं, हे त्या कागदांत होतं. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाचा एक तुकडा आपल्या किनाऱ्यावर नाही, तिकडे जळला. वसई तोवर सोळा वर्षांपूर्वी चिमाजी अप्पांनी घेतलेली होती, पण तिच्या आधीच्या दोनशे वर्षांचं काय?

सगळंच गेलं नाही, याचं श्रेय एका म्हाताऱ्याला. मानुएल दा माया, वय अठ्ठ्याहत्तर. राज्याचं दफ्तर किल्ल्यातल्या एका बुरुजात होतं, त्याला "तोर्रे दु तोंबु" म्हणतात, आणि हे गृहस्थ त्याचे रखवालदार. बुरूज कोसळला, तरी त्यांनी ढिगाऱ्याखालून कागद काढवून घेतले आणि लाकडी खोपट उभारून त्यात ठेवले. गोव्याशी झालेल्या पत्रव्यवहाराची "मान्सूनची पुस्तकं" आज काही लिस्बनला आणि काही पणजीला आहेत. पावसाळ्याच्या वाऱ्याबरोबर जहाजं यायची, म्हणून हे नाव. कसलं सुंदर नाव आहे!

हेच मानुएल दा माया राज्याचे मुख्य अभियंतेही होते. नवं शहर कसं बांधायचं याचे पर्याय त्यांनी मांडले, आणि मंत्री कार्वाल्यु, ज्याला पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणू लागले, त्याने ते अमलात आणले. चौकाच्या मागचा सरळ, काटकोनी रस्त्यांचा भाग म्हणजे बाइशा. घरांच्या भिंतींत लाकडाचा सांगाडा, त्याला "गायोला" म्हणजे पिंजरा म्हणतात. तो टिकतो का हे बघायला नमुना उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं, असं सांगतात. रस्त्यांची नावं वाचत चला : सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता. पुण्यातली तांबट आळी आठवते की नाही? पोंबालने प्रत्येक पाद्र्याकडे प्रश्नावलीही पाठवली. भूकंप किती वेळ टिकला, विहिरींच्या पाण्याचं काय झालं, किती माणसं मेली. देवाचा कोप म्हणून गप्प बसण्याच्या काळात हे प्रश्न विचारणं मला फार मोठं वाटतं. माणूस मात्र क्रूर होता, तो भाग पुन्हा कधीतरी.

बाइशाच्या टोकाला रोसिउ चौक. राष्ट्रीय नाट्यगृह दिसतं, त्या जागी इन्क्विझिशनचा वाडा होता. गोव्याचं इन्क्विझिशन ज्या यंत्रणेला उत्तर द्यायचं ती इथली. शेजारच्या सांव दुमिंगुश चर्चमध्ये १५०६ साली, चमत्कारावर एकाने शंका घेतली एवढ्यावरून, सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंची कत्तल सुरू झाली. हे चर्च १९५९ मध्ये आतून जळालं आणि त्यांनी ते गुळगुळीत न करता तडकलेल्या खांबांसह ठेवलंय. बाहेर चेरीची दारू पितात, ती एक घोट घ्या आणि चढणीला लागा.

वर कार्मु मठ. भूकंपात छत पडलं, ते परत घातलंच नाही. कमानींच्या वर थेट आकाश. याच मठासमोरच्या चौकात २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान मार्सेलु काएतानु बराकीत अडकला आणि संध्याकाळी शरण आला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करारात मान्य केलं. म्हणजे तेरा वर्षांनी!

शेवटचा दिवस आल्फामासाठी ठेवा. भूकंपातून बरीचशी वाचलेली, अरबांच्या काळातली बोळांची वस्ती. तिथे रस्ता हरवायचा, नकाशा बघायचा नाही. फक्त कॅथेड्रलशेजारची एक इमारत चुकवू नका : आल्जूब. राजकीय कैद्यांचा तुरुंग होता, आता संग्रहालय आहे. एकांतवासाच्या कोठड्या दाखवल्यात, माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या. मी तिथे उभा राहिलो आणि मला मोहन रानडे आठवले.

रानडे सांगलीचे, गोव्यात शिक्षक म्हणून शिकवायचे आणि आझाद गोमंतक दलात होते. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. नंतर त्यांना पोर्तुगालला नेलं आणि लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात ठेवलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. रानडे झाले नाहीत. ज्यासाठी लढले ते मिळून गेलं आणि हा माणूस परक्या देशात आणखी सात वर्षं कोठडीत. सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी झटत होते. हो, तेच आपले बाबूजी. अखेर जानेवारी १९६९ मध्ये सुटका झाली. शाळेत मला हे कोणी शिकवलं नव्हतं. आजही पुण्या-मुंबईतून लिस्बनला जाणाऱ्या दहा जणांना विचारा, काशियास कुठे आहे, किती जण सांगतील?

तर सांगतो. काइश दु सोद्रे स्टेशनवरून काश्काइशची लोकल पकडा. बेलें याच मार्गावर आहे, त्याच्या थोडं पुढे काशियास. डाव्या बाजूची खिडकी घ्या, नदी समुद्राला मिळताना दिसते. मी उतरलो, फलाटावर बसलो, पुढची गाडी जाऊ दिली. समोर दोन मुलं शाळेची दप्तरं टाकून वाळूत खेळत होती. त्यानंतरच्या गाडीने परत आलो आणि बेकरीतून पाव घेऊन घरी गेलो.