अर्न सरोवराच्या कांठीं पायगाडीवरून

फर्मॅना परगण्यांत एक जुनी म्हण आहे. वर्षांतले सहा महिने सरोवरें फर्मॅनांत असतात आणि उरलेले सहा महिने फर्मॅना सरोवरांत असतो! म्हणींत अतिशयोक्ति असेल, पण ती फार नाहीं. आयर्लंडच्या उत्तर भागांतील अर्न नदी कॅव्हन परगण्यांतून निघते, उत्तरेस व मग वायव्येस वाहत अटलांटिक महासागरास मिळते, आणि वाटेंत दोनदां पसरून दोन विस्तीर्ण सरोवरें बनविते. एक वरचें, एक खालचें. दोहोंमधल्या अरुंद पाण्यांतील बेटावर एनिस्किलन हें परगण्याचें मुख्य गांव वसलेलें आहे. नकाशा उघडणारास येथें एक मौज दिसते. ‘वरचें’ सरोवर खालीं दक्षिणेस, आणि ‘खालचें’ वर उत्तरेस! नदीच्या प्रवाहाचा विचार केला म्हणजे कोडें सुटतें.

हा मुलूख सपाट नाहीं आणि डोंगराळही नाहीं. हिमयुगांतील बर्फाच्या प्रचंड थरांनीं मागें ठेवलेल्या मातीच्या लहान, लांबट, गुळगुळीत टेकड्या येथें शेंकड्यांनीं विखुरलेल्या आहेत. त्यांस ‘ड्रमलिन’ म्हणतात. जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत गेलेला हा शब्द मूळचा आयरिश भाषेंतलाच. अंड्यांनीं भरलेल्या टोपलीची उपमा या प्रदेशास नेहमी देतात व ती अगदीं चपखल आहे. दोन अंड्यांमधल्या खळग्यांत पाणी सांचतें व त्याचें सरोवर होतें. अशा ठिकाणीं रस्ता सरळ जाणार कसा? तो टेकडीला वळसा घालतो, पाणी टाळतो, पुन्हां मागें वळतो. मोटारीला हें जिकिरीचें होतें. पायगाडीला मात्र हा मुलूख मानवतो. चढ येतो तो थोडक्यांत आटपतो. दम लागावयाच्या आंत माथा येतो, आणि माथ्यावरून पाहावें तों पुढें पाण्याचा नवा तुकडा चकाकत असतो.

सायकलीला आजचें रूप देणारा शोधही याच बेटाच्या उत्तर भागांत लागला. जॉन बॉइड डनलॉप हा मूळचा स्कॉटलंडचा. बेलफास्ट येथें तो गुरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकीला बसणारे हादरे कमी व्हावे म्हणून त्यानें १८८७ सालीं रबरी नळींत हवा भरून ती चाकांवर बसविली व पुढील वर्षीं पेटंट घेतलें. रॉबर्ट टॉमसन नांवाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थानें हीच कल्पना चाळीस वर्षें आधीं नोंदविली होती असें मागाहून निघालें व डनलॉपचें पेटंट टिकलें नाहीं. पण टॉमसनच्या काळीं हवेच्या धांवेवर चालण्याजोगी सायकलच नव्हती. कल्पना योग्य वेळीं सुचणें हेंही एक भाग्यच होय. डब्लिनमध्यें मेक्रेडी या पत्रकारानें सायकलस्वारांसाठीं रस्त्यांचीं माहितीपुस्तकें काढलीं, आणि एकोणिसावें शतक संपतां संपतां हौशी प्रवासी सरोवरांच्या कांठच्या वाटा तुडवूं लागले.

त्या वेळीं एनिस्किलनहून निघालेल्या स्वारास कोणत्याही दिशेस जातां येत असे. परगणा बदलला हें त्याला नकाशा पाहिल्यावांचून कळतही नसे. ही स्थिति १९२१ सालीं पालटली. आदल्या वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटनें केलेल्या कायद्यानें आयर्लंडचे दोन भाग झाले. सहा परगणे उत्तरेच्या राज्यांत गेले. फर्मॅना त्यांपैकीं एक. त्याचे शेजारी डॉनेगॉल, लीट्रिम, कॅव्हन व मॉनहन हे दक्षिणेस राहिले. फर्मॅनांतील बहुसंख्य लोकांस ही फाळणी नको होती. १९२१ च्या डिसेंबरांत तेथील परगणा-सभेनें उत्तरेच्या सरकारास न मानण्याचा ठराव केला, तेव्हां ती सभाच बरखास्त करण्यांत आली. उलटपक्षीं, त्याच परगण्यांतील प्रॉटेस्टंट वस्तीस हीच रेषा आपल्या अस्तित्वाचा आधार वाटत होती. दोघांचाही जीव त्या रेषेंत गुंतलेला होता, हें विसरून या प्रदेशाचा इतिहास वाचतां येत नाहीं.

आणि रेषा तरी कसली? कोणी मोजणीदार सांखळी घेऊन रानांत गेला नव्हता. परगण्यांच्या शेंकडों वर्षांच्या जुन्या हद्दी होत्या, त्याच राज्यांच्या हद्दी ठरल्या. त्या शेतांच्या बांधांवरून, ओढ्यांच्या मधून, कांहीं ठिकाणीं तर घरांच्या आंतूनही जात होत्या. पुढें सीमा-मंडळ नेमण्यांत आलें. त्यानें सुचविलेले फेरफार १९२५ च्या नोव्हेंबरांत एका लंडनच्या वर्तमानपत्रांत फुटले, गदारोळ झाला, आणि तिन्ही सरकारांनीं अहवाल मिटवून जुनीच रेषा कायम केली. तो अहवाल लोकांच्या हातीं पडण्यास १९६९ साल उजाडावें लागलें. मध्यंतरीं १ एप्रिल १९२३ पासून रेषेवर जकातीचीं नाकीं बसलीं होतीं. रस्त्यांच्या दोन जाती झाल्या, ‘मान्य’ व ‘अमान्य’. जकातीचा माल मान्य रस्त्यानेंच न्यावयाचा.

एनिस्किलनहून खालच्या सरोवराच्या पूर्व कांठानें उत्तरेस निघालें म्हणजे प्रथम डेव्हनिश बेट दिसतें. सहाव्या शतकांत संत मोलॅशनें येथें मठ स्थापिला. बाराव्या शतकांतील उंच गोल मनोरा अजून उभा आहे. गांवाबाहेर पोर्टोरा ही जुनी शाळा होती. ऑस्कर वाइल्ड तेथें शिकला, आणि १९२० ते १९२३ या वर्षांत सॅम्युएल बेकेटही. बेकेट डब्लिनचा, शाळा सुरू झाली तेव्हां घर व शाळा एका राज्यांत होतीं, शाळा संपली तेव्हां दोन. त्याच्या ‘मॉलॉय’ या कादंबरींतील लंगडा नायक सायकलीवर बसून आईच्या शोधांत निघतो व एका पोलिसाच्या तावडींत सांपडतो, हें येथें सहज आठवतें.

पुढें कॅसल आर्चडेल लागतें. दुसऱ्या महायुद्धांत येथून पाण्यावर उतरणारीं विमानें उडत. दक्षिणेचें राज्य तटस्थ, आणि समुद्राकडची वाट तर त्याच्याच भूमीवरून जाणारी. डी व्हॅलेरांच्या सरकारनें १९४१ सालीं गाजावाजा न करतां त्या चिंचोळ्या पट्टीवरून उड्डाणास मुभा दिली. ‘बिस्मार्क’ ही जर्मन युद्धनौका २६ मे १९४१ रोजीं ज्या विमानास दिसली तें याच सरोवरावरून उडालेलें होतें. सरोवराच्या उत्तर टोंकास पेटिगो हें गांव आहे. मधून लहानशी टर्मन नदी वाहते. अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरें. १९२२ च्या जून महिन्यांत येथें व शेजारच्या बेलीक येथें ब्रिटिश फौज व आयरिश सैनिक यांच्यांत लढाई होऊन तोफाही डागल्या गेल्या. बेलीकची ख्याति मात्र तोफांहून नाजुक वस्तूंची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथें चिनी मातीचीं पातळ, मोत्याच्या झांकेचीं भांडीं होत आलीं आहेत.

युद्धकाळांत या वाटांवर पायगाडीचें राज्य झालें. पेट्रोल मिळेना, मोटारी बंद पडल्या. दक्षिणेंत चहाचें रेशन माणशीं आठवड्यास अर्ध्या औंसावर आलें; उत्तरेंत लोणी व साखर यांची टंचाई. मग व्हावयाचें तेंच झालें. लोणी एका दिशेनें, चहा दुसऱ्या दिशेनें! अमान्य रस्त्यानें, टेकडीच्या आडून, सायकलीच्या पिशवींत किंवा कोटाच्या अस्तरांत. नाक्यावरचा जकातदार गांवांतलाच, त्यालाही घरीं चहा लागे. याला चोरटा व्यापार म्हणावयाचें तर म्हणावें; तेथल्या बायाबापड्यांस तो बाजारहाटच वाटे.

पेटिगो-बेलीकहून दक्षिणेस वळलें कीं मॅकनीन सरोवर येतें. येथें उत्तरेचें बेल्कू व दक्षिणेचें ब्लॅकलायन हीं दोन खेडीं एका पुलाच्या दोन टोंकांस आहेत. एनिस्किलनहून स्लायगोस जाणारी आगगाडी येथून जात असे. १९५७ सालीं ती बंद झाली, आणि त्याच वेळीं फर्मॅनांतील सर्वच आगगाडी संपली. आजतागायत त्या परगण्यांत रेल्वे नाहीं.

आणखी दक्षिणेस अर्न व शॅनन या दोन नद्यांस जोडणारा कालवा आहे. दुष्काळाच्या ऐन काळांत, १८४६ सालीं, त्याचें काम निघालें. १८६० सालीं तो खुला झाला. तोंवर रेल्वे आली होती. नऊ वर्षांत मोजून आठ नांवा त्यांतून गेल्या, आणि कालवा सोडून देण्यांत आला! इतक्या खर्चाचें इतकें थोडें फळ क्वचितच कोणा सरकारास मिळालें असेल. परंतु हाच कालवा दोन्ही सरकारांनीं मिळून दुरुस्त केला व १९९४ सालीं, सोळा दरवाज्यांसह, तो पुन्हां वाहता झाला. त्याच्या पश्चिम टोंकापासून थोड्या मैलांवर, की सरोवराजवळ, बॉइल हें गांव आहे. मार्गारेट कझिन्स यांचा जन्म तेथला, १८७८ चा. मतदानाच्या हक्कासाठीं आयर्लंडांत तुरुंग भोगून त्या हिंदुस्थानांत आल्या, आणि १९२७ च्या जानेवारींत पुण्यास भरलेली अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक त्यांच्याच प्रयत्नांचें फळ होय. पुणेकरांस बॉइलचें नांव ठाऊक नसेल. पण ऋण आहे.

कालव्याच्या पूर्व भागास वुडफर्ड नदी म्हणतात, आणि कांहीं अंतर हीच नदी सीमा आहे. तिच्यावर अगालेन येथें पूल होता. एनिस्किलनहून बेल्टर्बेटमार्गें डब्लिनला जाणारा हमरस्ता त्यावरून जाई. १९६९ पासून उत्तरेंत रक्तपात सुरू झाला. सशस्त्र टोळ्या सीमा ओलांडून येत, हल्ला करीत व परत निघून जात. सीमेलगतचे अनेक प्रॉटेस्टंट शेतकरी आपल्याच वाड्यांत, गोठ्यांत मारले गेले. १९७२ सालीं अगालेनचा पूल विरुद्ध पक्षाच्या, म्हणजे ब्रिटननिष्ठ, दहशतवाद्यांनीं उडविला. त्याच वर्षाअखेर बेल्टर्बेटमध्यें बाँबनें दोन कोवळीं मुलें बळी पडलीं.

लहान रस्ते लष्करानें बंद केले. सुरुंग लावून रस्त्यांत मोठे खड्डे पाडावयाचे, त्यांत काँक्रीटचे ठोकळे व लोखंडी खांब रोंवावयाचे. असे शंभरांहून अधिक रस्ते बंद झाले. शेत एका बाजूस, घर दुसऱ्या बाजूस. प्रार्थनामंदिर पलीकडे, त्याचें स्मशान पलीकडे. जेथें पांच मिनिटांत जातां येई तेथें दहा-वीस मैलांचा फेरा पडूं लागला. मग एखाद्या रविवारीं गांवकरी फावडीं घेऊन जमत, दगडमाती टाकून खड्डा बुजवीत. थोड्याच दिवसांनीं लष्कर तो पुन्हां पाडी. हा खेळ वर्षानुवर्षें चालला. सुरक्षिततेसाठीं हें अवश्य होतें असें लष्कराचें म्हणणें. आणि बंद रस्त्यामुळें रात्रीं निर्धास्त झोंप लागते असें सांगणारीं घरेंही फर्मॅनांत होतीं. तथापि शेजार तुटला तो दोघांचाही तुटला. लग्नें, जत्रा, बाजार यांनीं विणलेला संबंध एका पिढींत विरला. लोणी-चहाच्या काळीं सीमा अडवीत होती ती मालास. आतां ती माणसांस अडवूं लागली.

१९९४ च्या शस्त्रसंधीनंतर खड्डे बुजूं लागले. जकातनाकीं त्याआधींच, १९९३ च्या आरंभीं, युरोपच्या एका बाजारपेठेमुळें उठलीं होतीं. १० एप्रिल १९९८ रोजीं बेलफास्ट येथें करार झाला. अगालेनला नवा पूल १९९९ सालीं खुला झाला. वाटाघाटींचे अध्यक्ष अमेरिकन सिनेटर जॉर्ज मिचेल यांचें नांव त्यास देण्यांत आलें. सत्तावीस वर्षें तेथें पूल नव्हता. ज्या वाटा लष्करानें खोदल्या होत्या त्यांच्याच परिसरांत सायकलस्वारांसाठीं सुमारे ३०० मैलांचा मार्ग आंखण्यांत आला. फर्मॅनासह सीमेवरच्या पांच परगण्यांतून तो फिरतो. नांव ठेवलें ‘किंगफिशर’, म्हणजे आपला खंड्या.

२०१८ सालीं सीमा ओलांडणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांची मोजदाद दोन्ही बाजूंच्या खात्यांनीं मिळून केली, तेव्हां ते २०८ भरले. ही मोजदाद करावी लागली त्याचें कारण ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडण्याच्या वाटेवर होता, आणि या वाटांवर पुन्हां नाकीं बसणार कीं काय ही धास्ती अर्नच्या दोन्ही कांठांस लागली होती. अखेर जकातीची तपासणी समुद्रावर, बेटाच्या बंदरांवर नेण्यांत आली व रानांतल्या वाटा मोकळ्या राहिल्या.

क्लोनिसहून कॅव्हनकडे जाणाऱ्या रस्त्यावर हें सर्व थोडक्यांत पाहावयास मिळतें. ड्रमलिनांना वळसे घालणारा हा रस्ता थोड्याशा अंतरांत चार वेळां सीमा ओलांडतो. जकातीच्या काळांत त्यास खास सवलत होती. वाटेंत न थांबतां जाणारास आडकाठी नव्हती. येथेंच मॉनहनचा एक तुकडा असा आहे कीं रस्त्यानें त्यांत शिरावयाचें तर फर्मॅनांतूनच जावें लागतें. आज या रस्त्यावर पाटी नाहीं, फाटक नाहीं. सायकलस्वारास राज्य बदललें हें कळतें तें रस्त्याच्या कडेच्या रेघेवरून. दक्षिणेंत ती पिवळी असते. आणि अंतराच्या दगडांवरून. ते एकीकडे मैलांत बोलतात, दुसरीकडे किलोमीटरांत.