उत्तरायण केव्हा लागते?

चैत्राच्या उन्हात बसून आम्ही पौषाच्या थंडीविषयी बोलावे, हे विचित्र वाटेल. परंतु ऋतूचा निवांत विचार तो ऋतू सरल्यावरच होतो.

यवतमाळच्या कोणत्याही अंगणात 22 डिसेंबरला, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, हातभर काठी उभी करावी. तिची सावली जवळजवळ हातभरच पडते. माध्यान्हीची याहून लांब सावली वर्षात नाही. पुढे ती आखडू लागते, कारण सूर्य उत्तरेकडे वळलेला असतो. हेच खरे उत्तरायण. मग आम्ही ते जानेवारीतल्या मकरसंक्रांतीस का मानतो?

याचे उत्तर इतिहासात आहे. वेदांगज्योतिषाच्या काळी सूर्य धनिष्ठारंभी आला म्हणजे उत्तरायण लागे. सहाव्या शतकात वराहमिहिराने आपल्या काळी ते मकरारंभी लागते असे नोंदविले. तेव्हा संक्रांत व उत्तरायण यांची जोडी जमलेली होती. पण अयनबिंदू सुमारे 72 वर्षांत एक अंश मागे सरकतो. आज हे अंतर सुमारे 24 दिवसांचे झाले आहे. वणीच्या बापूजी अण्यांनी ज्यांचे चरित्र संस्कृत काव्यात गुंफले, त्या टिळकांनी 1893 च्या ‘ओरायन’मध्ये या सरकण्यावरूनच वेदांचा काळ काढला होता. पुढे मेघनाद साहा समितीच्या शिफारशीने 1957 साली राष्ट्रीय दिनदर्शिका आली आणि तिच्यात पौषाचा पहिला दिवस 22 डिसेंबरला आला. सणांनी मात्र जुनी तिथी सोडली नाही.

म्हणून संक्रांत बदलावी काय? आमचे तसे म्हणणे नाही. तिळगुळाला गणिताचा दाखला लागत नाही. पण शरीर पंचांग पाहत नाही. हेमंत-शिशिरात जठराग्नी प्रबळ असतो, तेव्हा स्निग्ध अन्न, तेलाचे अभ्यंग व ऊब घ्यावी, असे चरक-वाग्भटांनी सांगितले. उत्तरायण हा त्यांच्या मते आदानकाल, म्हणजे बळ हळूहळू उणे होण्याचा काळ. तेव्हा साठवण आधीच करावयास हवी. भोगीची तीळ लावलेली भाकरी आणि शेतातला हुरडा हेच सांगतात.

प्रश्न उरतो तो एकच. रात्रीची वीज आली म्हणून भर थंडीत हरभऱ्याला पाणी देणारा, दवात कापूस वेचणारी, यांच्या वाट्याला ही ऋतुचर्या किती येते? ग्रंथातील तेल आणि घोंगडी त्यांच्या ओसरीपर्यंत पोहोचेल, तेव्हाच उत्तरायण आमच्या गावी खऱ्या अर्थाने लागले असे आम्ही म्हणू.