शंभराचे साडेबारा कसे झाले

मुंबईत घोडपदेवच्या चाळीत, किंवा चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, नवं नेट जोडून गेलेल्या पोराला हा फोन ठरलेला. "भाऊ, शंभरचा प्लॅन घेतलाय आणि पिक्चर उतरवताना बाराच दाखवतंय." पोरगा म्हणतो, "काका, आठानं भागा." शंभर भागिले आठ म्हणजे साडेबारा. त्यातलं थोडं पत्ते आणि पोचपावत्या वाहण्यात जातं, उरतात बाराच्या आसपास. फसवणूक झालेली नाही एवढं काकांना पटतं. पण आठानंच का भागायचं, याचं उत्तर शोधायला थेट तारेच्या जमान्यात जावं लागतं.

१८७० साली समुद्राखालच्या केबलनं मुंबई सुएझ-एडनमार्गे लंडनला जोडली गेली. पुढे घोडपदेवच्या शेजारी कॉटन ग्रीनला गोदामांमध्ये कापसाच्या गाठी रचल्या गेल्या, तेव्हाही परदेशातले भाव तारेनंच येत. तारेचे पैसे शब्दांवर लागायचे आणि वेगही मिनिटाला किती शब्द असाच मोजला जायचा. मोर्सच्या लिपीत दुसरं माप बसणंही अवघड होतं, कारण तिथे प्रत्येक अक्षराची लांबी वेगळी. इंग्रजी ई म्हणजे एकच टिंब, तर क्यू म्हणजे तीन रेघा आणि एक टिंब.

ही अडचण सोडवली फ्रान्सच्या तारखात्यातल्या एमिल बोदो यांनी. १८७४ मध्ये पेटंट घेतलेल्या त्यांच्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला पाचच खुणा, कमी नाहीत की जास्त नाहीत. या कुळकथेतला खरा मूळपुरुष मी त्यांनाच मानतो. अक्षराचं माप ठरलं म्हणूनच खुणांवरून अक्षरं काढता येऊ लागली, भागाकाराला अर्थ आला. सेकंदाला एक खूण या वेगाला त्यांच्याच नावावरून 'बॉड' म्हणू लागले.

वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत खडखडणारे टेलिप्रिंटर याच घराण्यातले. त्यांचा नेहमीचा वेग ५० बॉड. अक्षराच्या पाच खुणा, शिवाय सुरुवातीची एक आणि शेवटची दीड, मिळून साडेसात. म्हणजे मिनिटाला ४०० अक्षरं. रोमन लिपीत 'घोडपदेव' लिहायला नऊ अक्षरं लागतात, तेवढी उमटायला १.३५ सेकंद. त्या काळचा भागाकार साडेसातानं होता, आठानं नाही.

१९४८ साली क्लॉड शॅनन यांनी आपल्या गाजलेल्या निबंधात माहितीचं माप म्हणून 'बिट' वापरला. नाव सुचवल्याचं श्रेय त्यांनी जॉन टुकी यांना दिलं. बिट म्हणजे हो किंवा नाही, एवढाच निवाडा. खूण आणि बिट एकच असं पुष्कळांना वाटतं, ते खरं नाही. मोडेमच्या एका खुणेत चार बिट बसवता आले की २४०० बॉडच्या लाइनवरून सेकंदाला ९६०० बिट जातात. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं देशात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा डायल-अपवर ९६०० हाच आकडा ऐकू यायचा. संगणक आणि मोडेम यांच्यातल्या तारेवर प्रत्येक अक्षराच्या आठ बिटांच्या मागे-पुढे एकेक बिट लागे, म्हणून तेव्हाचे जाणकार दहानं भागायचे: सेकंदाला ९६० अक्षरं.

नुसता आठ आला तो संगणकाच्या घरातून. १९५६ मध्ये आयबीएमच्या वर्नर बुखोल्झ यांनी बिटांच्या गटाला 'बाइट' हे नाव दिलं, पण त्यात किती बिट ते सुरुवातीला पक्कं नव्हतं. १९६४ च्या सिस्टिम ३६० या संगणकांनी बाइट आठ बिटांचा केला आणि बाकीचे त्याच वाटेनं गेले. टेलिफोनवाल्यांकडेही आठ होता, पण त्याचा बाइटशी संबंध नव्हता. माणसाचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजायचा आणि प्रत्येक मोजणी आठ बिटांत लिहायची, म्हणजे ६४,००० बिट. लीज्ड लाइनचा ६४ केबीपीएस तो हाच. भारत सरकारच्या २००४ च्या धोरणानं ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ केबीपीएस ठरवली, ती बरोबर चार टेलिफोनांच्या आवाजाइतकी. २०२३ मध्ये ती दोन एमबीपीएस झाली.

अशी ही दोन घराणी. लाइन विकणारा बिट मोजतो, कारण तारेवरून जातात ते बिट. साठवणारा बाइट मोजतो, कारण त्याला अक्षरं ठेवायची असतात. प्लॅन पहिल्याच्या भाषेत असतो आणि डाउनलोडचा आकडा दुसऱ्याच्या. त्यातही लाइनवाल्याचा किलो हजाराचा, तर मेमरीवाल्याचा बरीच वर्षं १०२४ चा. १९९८ मध्ये त्या दुसऱ्याला 'किबी' हे वेगळं नाव मिळालं, बाजारानं ते फारसं मनावर घेतलं नाही.

आता आपल्या लिपीचा हिशेब, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकात प्रत्येक वर्णाला आणि प्रत्येक मात्रेला एकेक बाइट होता. 'घोडपदेव'ची पाच अक्षरं आणि दोन मात्रा मिळून सात बाइट, ५६ बिट. आज वेबवर सर्रास चालणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीला तीन लागतात. तेच नाव २१ बाइटचं, १६८ बिटांचं झालं. बोदोंनी सारखी केलेली मापं पुन्हा असमान झाली. शंभर एमबीपीएसच्या लाइनवर याचं काहीच वाटत नाही, १६८ बिट दोन मायक्रोसेकंदांच्या आत निघून जातात.

एसएमएसमध्ये मात्र हा फरक खिशाला लागायचा. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. इंग्रजीचं अक्षर सात बिटांचं, म्हणून १६० अक्षरं मावतात. देवनागरीचं सोळा बिटांचं, म्हणून सत्तरच, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार प्रत्येक वेगळा धरायचा. एकाहत्तरावा वर्ण पडला की संदेशाचे दोन तुकडे होतात, आणि तेव्हा पैसे दोन्हींचे लागायचे.