डोळ्यातला एक थेंब
१/५ १८८४ पूर्वी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुधा रुग्ण पूर्ण शुद्धीत असतानाच होत असे. ईथरची गुंगी देता येई. पण त्यानंतरच्या ओकाऱ्यांनी डोळ्याची ताजी जखम उकलण्याचे भय असे.

२/५ व्हिएन्नाच्या रुग्णालयातील तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांना केवळ डोळा बधिर करणारे औषध हवे होते. त्यांचे मित्र सिग्मंड फ्रॉइड तेव्हा कोकेनचा अभ्यास करीत होते. कोकेनने जीभ बधिर होते, हे अनेकांना ठाऊक होते. त्यावरून डोळ्याचा विचार केला तो कोलर यांनी.

३/५ कोकेनच्या द्रावणाचा थेंब प्रथम बेडकाच्या डोळ्यात पडला. थोड्या वेळाने डोळ्याला स्पर्श केला, तरी बेडूक हलला नाही. अखेर कोलर यांनी स्वतःच्या डोळ्यात थेंब घालून टाचणीने खात्री केली.

४/५ १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्ग येथे नेत्रवैद्यांच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला. प्रवासखर्च न परवडल्याने कोलर तेथे नव्हते. त्यांचा निबंध योसेफ ब्रेटाउअर यांनी वाचला.

५/५ लवकरच नाक व घशाच्या शस्त्रक्रियांतही कोकेन आले. त्याची विषबाधा आणि व्यसन उघड झाल्यावर अधिक सुरक्षित औषधे शोधली गेली. रुग्णाला जागे ठेवून केवळ एका अवयवाची वेदना शमवण्याची वाट मात्र त्या थेंबानेच दाखवली.